बोटीवर नेण्याच्या कागदांविषयी साडूभाऊंस

आदरणीय साडूभाऊंना नमस्कार, आणि ताईंनाही.

तुमचं पत्र पोचलं. गुडघ्याचं वाचून काळजी वाटली. जिना चढताना दुखतो आणि उतरताना दुखत नाही, हे लक्षण चांगलं की वाईट ते मला सांगता येणार नाही, पण निदान खाली येणं तरी सुखाचं होतंय असं समजावं. ताईंचा खोकला एव्हाना थांबला असेल. आमच्याकडे सर्व ठीक आहे. ‘आमच्याकडे’ हे सवयीने लिहिलं. सध्या आमच्याकडे मी एकटाच आहे आणि माझी तब्येत उत्तम आहे. ही बोटीवरून परस्पर तुमच्याकडे उतरली ती ‘दोन दिवस अंग मोकळं करून येते’ म्हणून, आणि हे दोन दिवस बरेच लांबले आहेत. तुम्हाला तिचा त्रास होत नसेलच. मलाही तशी घाई नाही. (चहाची गाळणी सापडत नाही, पण त्यावाचून अडत नाही, शेवटचा घोट सोडून द्यायचा.) फोन करावा तर तुमच्याकडे फोन एकतर ताई उचलतात नाहीतर ही, आणि दोघी बहिणींचा आवाज इतका सारखा की आपण कुणाशी बोलतोय हे कळेपर्यंत नको ते बोलून झालेलं असतं. म्हणून लिहायला बसलो.

तुम्ही विचारलंत की बोटीच्या सहलीला निघताना ओळखीचे कोणकोणते कागद बरोबर ठेवावेत. कोण निघणार आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. प्रश्न वाचून मी जरा थबकलो. बोटीवर जाऊन, हिंडून-फिरून सुखरूप परत आलेली व्यक्ती तुमच्याच घरात, बहुधा तुमच्याच आरामखुर्चीत बसलेली आहे. तिला सोडून तुम्ही विचारता मला, ज्याने बोट फक्त बाहेरून पाहिली. पण तुमची सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेली. शेजाऱ्याचं ऐकून घेतल्याशिवाय तुम्ही कधी हद्दीचा दगड रोवला नाहीत. तेव्हा शेजाऱ्याचं म्हणणं खाली देत आहे. जरा लांबेल.

आमचं दुकान तुम्ही पाहिलेलं आहे. पुढच्या खोलीत मी आणि लॅमिनेशनचं मशीन, मागच्या खोलीत ही आणि स्पायरल बाइंडिंगचं मशीन, मधे पडदा. परीक्षांच्या आधी विद्यार्थ्यांचे प्रकल्प गठ्ठ्यांनी यायचे. ही मागे भोकं पाडायची, मी पुढे प्लास्टिक चढवायचो. पडद्याआडून ‘झालं का’ आणि ‘होतंय’ एवढंच बोलणं व्हायचं, आणि त्यात आमचं भांडणही उरकायचं. मागच्या खोलीला खिडकी नाही. तिच्या मशीनसमोर भिंत, भिंतीवर कॅलेंडर, आणि एका वर्षीच्या कॅलेंडरवर बोट होती, चारी बाजूंनी निळं पाणी. वर्ष संपलं तरी तिने ते उतरवू दिलं नाही, तेव्हा शेवटी मीच ते लॅमिनेट करून पुन्हा टांगलं. (त्या वेळी खूश झाली होती, हे तुम्ही नोंदवून ठेवा.) तिचं म्हणणं एकच असायचं, की एकदा अशा जागी जाऊन उभं राहायचं, जिथून कुठेच भिंत दिसणार नाही. मी म्हणायचो, गच्चीवर जा. हा विनोद मी पुष्कळ वर्षं केला.

दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि पहिलं काम म्हणून आम्ही बोटीची दोन तिकिटं काढली. आता माझ्या धंद्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळणार नाही. लॅमिनेशनवाल्याकडे लोक चेष्टेने पाहतात, पण पावसात भिजलेला दाखला हातात घेऊन रडवेली झालेली माणसं मी रोज पाहिली आहेत. माझ्या हिशेबी माणसं दोनच प्रकारची, ज्यांचे कागद भिजून गेले ती आणि ज्यांचे अजून भिजायचे आहेत ती. समुद्र म्हणजे तर नुसतं पाणी, तेही खारं. तेव्हा निघायच्या आधी मी माझे सगळे कागद घेऊन दुकानात गेलो आणि पुतण्याला बाजूला सारून मशीन तापवलं. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, मतदार कार्ड, सगळं एकेक करून पाण्यापासून सोडवलं. बोटीचं तिकीट मात्र तापलं की काळं पडतं त्या कागदावर छापलेलं होतं. एखाद्या नवशिक्याने ते तसंच मशीनमध्ये सारलं असतं. मी या धंद्यात मुरलेला माणूस. मी त्याची झेरॉक्स काढली, झेरॉक्सला प्लास्टिक चढवलं, आणि मूळ तिकिटाचं आता काय काम म्हणून ते केराच्या टोपलीत टाकलं.

मग पासपोर्ट घेतला. हे काम किती अवघड ते बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. बंद ठेवून घालावा तर पुस्तक जाड, रोलर अडून बसतो. मी तो फोटोच्या पानावर उघडला, पाठीचा कणा अंगठ्याने दाबून दाबून सपाट केला, प्लास्टिकचा सर्वांत जाड पाऊच घेतला आणि हळूहळू आत सोडला. मशीनने जरा कुरकुर केली, पण घेतला. कोपरे गोल कापले. हवेचा एक बुडबुडा नाही, कुठे सुरकुती नाही. बादलीत बुडवून, झटकून पाहिला. आत थेंब शिरला नव्हता. इतक्या वर्षांत माझ्या हातून इतकं सुबक काम झालेलं नव्हतं, आणि आजही, एवढं सगळं होऊनसुद्धा, माझं मत तेच आहे. हिच्याकडे तिचे कागद मागितले तर म्हणाली, माझे माझ्याजवळ असू देत. पासपोर्ट आणि तिकीट तिने एका धुवट रुमालात बांधलं आणि पर्समध्ये टाकलं. मला तेव्हा तिची कीव आली होती.

बंदरावरची कचेरी म्हणजे एक लांबट हॉल, वर पंखे, मधे दोरी लावून केलेली वळणावळणाची रांग आणि शेवटी काचेच्या खिडक्या. आमच्या खिडकीत एक चष्मेवाल्या बाई होत्या. मी पासपोर्ट आत सरकवला. बाईंनी आधी तो उघडायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, उघडाच आहे. मग त्यांनी तो मिटायचा प्रयत्न केला. मग उजेडासमोर धरला, खिडकीच्या कडेवर ठोकून पाहिला, शेजारच्या खिडकीत नेऊन दाखवला. त्या खिडकीतले गृहस्थ चहा पीत होते, त्यांनी कप खाली ठेवला. परत येऊन बाईंनी, केवळ प्रयोग म्हणून असावा, त्याच्यावर शिक्का मारला, आणि बोट फिरवताच तो पुसून निघाला. मी आपलं माहितीसाठी सांगितलं की यावर काहीच टिकत नाही, नुसतं फडकं फिरवलं की झालं. त्यांनी विचारलं हे कुणी केलं. मी खिशातून दुकानाचं कार्ड काढून दिलं. (तेही लॅमिनेट केलेलं आहे.) ही बाजूला उभी होती. तिने कपाळाला हात लावला नाही, काही नाही. फक्त पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. म्हणाल्या, दुसरं काय आहे ते दाखवा, वरच्या साहेबांना विचारते. मी जन्माचा दाखला दिला. त्यावर उठावाचा शिक्का असतो तो बोटाने चाचपून बघतात म्हणे. माझ्या मशीनने तो इस्त्री केल्यासारखा बसवला होता. मतदार कार्ड दिलं, तर त्यावरच्या फोटोत एक केसाळ तरुण होता आणि बाईंनी त्याच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने इतका वेळ पाहिलं की मलाच तो परका वाटायला लागला. लग्नाचा दाखला दिला तेव्हा त्या म्हणाल्या, यावरून तुमचं लग्न झालंय एवढं कळतं, तुम्ही कोण ते कळत नाही. तिकिटाच्या झेरॉक्सविषयी काही लिहीत नाही. हिने रुमाल सोडला, पासपोर्ट दिला, बाईंनी पान उलटून धप्पकन शिक्का मारला, आणि म्हणाल्या, बाई, तुमचे कागद बरोबर आहेत, तुम्ही जाऊ शकता.

साडूभाऊ, मी पिशवी उचलून परतीच्या दाराकडे वळलोसुद्धा होतो. दोघांनी यायचं तर दोघांनी, नाहीतर घरी, हे मी धरूनच चाललो होतो. ही जागची हलली नाही. तिने दोरीपलीकडे पाहिलं, तिथून बोटीचा एक पांढरा तुकडा दिसत होता, आणि मग मला विचारलं, ‘‘अहो, घराच्या किल्ल्या तुमच्याकडेच आहेत ना?’’ मी आहेत म्हणालो. आणि ती गेली. मला त्या वेळी फार वाईट वाटलं, हे सरळच लिहितो. आधी तिचा राग आला, आणि मग राग यायला आपल्याकडे काही जागा नाही हे लक्षात आल्यामुळे जास्तच वाईट वाटलं. धक्क्यावर जाऊन बोट सुटेपर्यंत उभा राहिलो. वर पुष्कळ माणसं हात हलवत होती. त्यातली ही कोणती ते दिसेना, म्हणून मी सगळ्यांनाच हात हलवला.

दोघांचे कपडे एकाच सुटकेसमध्ये होते, त्यामुळे माझ्या विजारी, माझा स्वेटर आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या सगळ्या सहलीला जाऊन आल्या. माझ्याजवळच्या पिशवीत तिच्या बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या निघाल्या. (मला घरी एकदाही बोट लागली नाही.) तिने तिकडून एकच फोटो पाठवला. त्यात तिने माझा स्वेटर घातलाय, बाह्या दुमडून, केस वाऱ्याने सगळे एका बाजूला गेलेत, मागे पाण्याशिवाय काही नाही, आणि ती हसते आहे. फोटो दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घेतलेला दिसतो. मी तो छापून आणला. तसाच ठेवलाय, वर काही चढवलेलं नाही.

ती रागावली असती तर मी समजलो असतो. रागाचं कसं, तो कधीतरी उतरतो. पण ती खूश दिसते, आणि साडूभाऊ, मला भीती वाटते ती त्याचीच. इतकी वर्षं पडद्यापलीकडून ‘होतंय’ म्हणणाऱ्या बाईला एकदा भिंत नसलेली जागा सापडली, तर तिने परत पडद्याकडे का यावं, याचं कारण मी शोधतो आहे. घर झाडून ठेवलं आहे. ते काही कारण होत नाही हे मलाही कळतं.

असो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. पासपोर्ट न्यावा, उघडता-मिटता येणारा. तिकीट मूळ न्यावं. फोटोचं आणखी एखादं ओळखपत्र असावं आणि त्यावरचा चेहरा सध्याचा असावा. दाखले जसे सरकारने दिले तसेच न्यावेत, त्यांच्यावर आपली कला दाखवू नये. बाकी बोटीबोटीचे नियम वेगळे असतात, ते त्या कंपनीकडूनच विचारून घ्यावेत. माझा अनुभव फक्त खिडकीपर्यंतचा आहे.

कळावे. लोभ आहेच, तो असाच कोरडा आणि सुरक्षित राहो.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. सहज विषय निघाला तर हिला विचारून बघा, परत कधी जायचं म्हणतेस म्हणून. मी विचारलं असं सांगू नका. नव्या पासपोर्टसाठी मी अर्ज केला होता ते तिला ठाऊक आहे (पासपोर्टच्या कचेरीतल्या साहेबांनी जुना पासपोर्ट सगळ्या कचेरीत फिरवला आणि शेवटी स्वतःकडेच ठेवून घेतला) आणि नवा परवाच घरी आला, हे मात्र तिच्या कानावर घातलंत तरी चालेल.

आणखी ता. क. हे पत्र तिच्या हाती पडू देऊ नका. पडलंच तर पडू द्या, पण तुम्ही मुद्दाम समोर ठेवलंत असं वाटता कामा नये. शेवटून तिसरा परिच्छेद जरा वर येईल अशी घडी घाला.

शेवटचं ता. क. वरची घडी वगैरे राहू द्या. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात दार वाजलं, आणि ही आली. बॅग दारातच ठेवून आधी पाणी प्यायली, मग नवा पासपोर्ट आला का विचारलं. मी दिला. खिडकीपाशी उजेडात उभं राहून तिने त्याचं पान अन् पान उलटून पाहिलं, मिटला, रुमालात बांधला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला. पर्सची चेन ओढता ओढता एवढंच म्हणाली, की ती आणि ताई पुढच्या बोटीने निघताहेत आणि तिकिटं तुम्ही तिकडेच काढलीत. आता स्वयंपाकघरात डबे वाजताहेत. तेव्हा माझा पासपोर्ट बोटीवर जाणार हे नक्की दिसतं. तो मला बरोबर न्यायचं म्हणून घेतला, की निदान माझ्या हाती तरी राहू नये म्हणून, हे तिला विचारायचा मला धीर होत नाही. साडूभाऊ, बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल. तिकिटं किती काढलीत, तेवढं उलट टपाली कळवा.