पेजेवरची कॅप्सूल

माय, तुला अक्षर येत नव्हतं, म्हणून इतक्या वर्षांत तुला कधी पत्र लिहिलं नाही. आता तू नाहीस, तर लिहायला बसले आहे. माझं सगळं असंच उलटं.

चंद्रपूरच्या फार्मसी कॉलेजात मी शिकवते, हे तू पाहून गेलीस. सध्या आमचं कॉम्प्युटरवर एक काम चाललंय. गिळलेल्या गोळीतलं किती औषध रक्तात पोचेल, हे माणसावर तपासण्याआधीच सांगायचं. त्यासाठीच्या प्रोग्रामला शिकवायची रीत मुंग्यांकडून घेतली आहे. एकटी मुंगी वाट चुकते, पण हजार मुंग्या फिरल्या की ज्या वाटेवर साखर सापडते तिचा वास वाढत जातो आणि बाकीच्या वाटा पुसल्या जातात. तसाच हा प्रोग्राम शेकडो गोष्टींतून कामाच्या तेवढ्या धरतो. औषध पाण्यात किती विरघळतं, पोट भरलेलं आहे की रिकामं. तू हसली असतीस. मुंग्या दिसल्या की हळद टाकणारी बाई तू. परवा तो नीट शिकला का हे पाहायला, उत्तर आधीच ठाऊक असलेलं एक जुनं औषध द्यायचं होतं. मी टीबीची लाल कॅप्सूल दिली. एकदा रिकाम्या पोटी, एकदा जेवणावर. दुसऱ्या वेळी आकडा खाली आला. सोबतची मुलगी खूश होऊन म्हणाली, "मॅडम, जमलं." मी उठून बाहेर गेले.

बाबा मूलच्या राइस मिलमध्ये पोती उचलायचे. खोकला कोंड्याच्या धुळीचा आहे म्हणत त्यांनी वर्ष काढलं, मग थुंकीत रक्त आलं. अजून दिसतं, नर्सबाई टीबीच्या गोळ्या घेऊन दारात उभी आहे, सांगते आहे, "बाई, भाऊले उपाशीपोटी द्या. खाणं एका घंट्यानं." आणि तू पदर खोचून तिलाच झापतेस, "इतकं गरम औषध रिकाम्या पोटी? आतडी जळून जाईन त्यायची. तुमच्या घरचा माणूस असता तर देल्लं असतं का?" ती गेली की तू पेज पाजायचीस, दाट, वरून जवसाचं तेल, आणि त्यावर कॅप्सूल. उपाशी माणसाला औषध देणं तुझ्या हातून होणारच नव्हतं.

मी तेव्हा गडचिरोलीला फार्मसीच्या पहिल्या वर्षाला होते. वर्गात हेच औषध शिकवलं. जेवणावर घेतलं की कमी लागू पडतं. त्या रविवारी एसटीत बसून मी वाक्यं जुळवत आले. दारात तू शेजारणीला सांगत होतीस, "आज वाटीभर पेज पेले. माह्या हातानं." किती दिवसांनी तुझा चेहरा तसा दिसला होता. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. पुढच्या रविवारी, आधीच का नाही सांगितलं याची लाज वाटली. असे रविवार जात राहिले आणि धान कापणीच्या दिवसांत बाबा गेले. डॉक्टर म्हणाले, आणायला उशीर झाला, दोन्ही फुप्फुसं पोखरली होती. तेही खरंच असेल. औषध पुरतं लागलं असतं तर ते वाचले असते का, हे आमचा प्रोग्राम सांगत नाही. किती पोचलं, एवढंच सांगतो.

तुझ्या शेवटच्या आजारात मी तुझे पाय चेपत होते. भिंतीकडे तोंड करून तू विचारलंस, "माह्या पेजेनं तर नाई ना गेले तुह्ये बाबा?" मी लगेच म्हणाले, "नाई माय, काहीच्या काही नको बोलू." तू डोळे मिटलेस. तुझा जीव शांतपणे जावा म्हणून खोटं बोलले, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून इथे लिहिते. ते खोटं तुझ्यासाठी नव्हतं. हो म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, "तुले माहीत होतं, तर तू काऊन नाई बोलली?" मला तेवढंच टाळायचं होतं.