तिसरी शिट्टी

४ फेब्रुवारी
आलो बुवा एकदाचा. कोळसा उपसून मंडळी निघून गेली, खाण मात्र आ वासून पडली आहे. ती भरायची, थराथरावर रोलर फिरवायचा, बाजूला राखलेली काळी माती वर पसरायची, झाडं लावायची. डंपर धुण्यापासून सुरुवात केलेल्या माणसाला जमीन पुन्हा उभी करायचं कंत्राट! सकाळपासून शीळ घालतोय.

९ फेब्रुवारी
मोजणीदार मोठा खवचट म्हातारा. गळ्यात शिट्टी अडकवून खाली उतरतो, थर मोजतो. त्याचा नियम: डंपर उलटण्याआधी वरून तीन शिट्ट्या, तिसरीनंतरच माल खाली. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखतो, अशी फुशारकी मी मारली. म्हणाला, "मालक, कान तुमचे, पण जीव माझा. शिट्टी विसरू नका." पोट धरून हसलो.

१६ फेब्रुवारी
परवा तपासणी. घाईत मीच म्हटलं, शिट्ट्या राहू द्या, ओता. सात डंपर उलटले. मग ढिगाखालून बारीक शिट्टी ऐकू आली. ड्रायव्हर म्हणाला, कुठे काय? माझे कान चुकत नाहीत. उकरलं असतं तर काम बंद, कंत्राट गेलं. आणखी सात ओतायला लावले. मग शांत झालं.

१७ फेब्रुवारी
मोजणीदार कुठे, सगळे विचारतात. घरी गेला असेल म्हटलं. माझी पत्र्याची खोली उचलून त्याच जागेवर ठेवून घेतली. माझ्या खाटेखाली कोण उकरणार? रोलर फिरवायचा राहिलाच.

२० फेब्रुवारी
त्याची मुलगी आली होती. बाबा घरी आलेच नाहीत म्हणाली. "काका, तुमचे कान तिखट आहेत म्हणे. बाबांची शिट्टी ऐकलीत कुठे?"
नाही म्हटलं. जाताना पाया पडली.

२३ फेब्रुवारी
भर दुपारी. खाटेखालून. एक शिट्टी. ड्रायव्हर समोरच होता, त्याला काही नाही. जमीन बोटभर खचली.

२४ फेब्रुवारी
आज दोन. वीतभर खचली. खाणीच्या साहेबांना कबुलीचं पत्र लिहायला घेतलं — फाडलं.

२५ फेब्रुवारी
दार चौकटीत रुतलंय. खिडकीला गज. ती बाहेर उभी — काका, काका. ओरडलो, मागे हो, ही माती दाबलेली नाही. का, म्हणाली. सांगितलं. सगळं.
हलत नाही. गुडघे टेकून जमिनीला कान लावलाय —
एक. तिलाही ऐकू आली. बाबा म्हणाली.
दोन.
ऊठ, पोरी, तिसरीनंतर —