दाजीची मोटार आणि सव्वीस जानेवारी

२१ जाने.
पुण्यातलं काम सुटलं. सोडलं म्हणा. घरी तोंड दाखवायला नको म्हणून हट्ट्याला अक्काकडं. दोन दिवस राहतो म्हणालो, तर अक्का, "तुझे दोन दिवस मला माहीत हायत." दाजी मात्र खुश. सव्वीसच्या मोटारसायकल रॅलीला त्यांना माणसं पाहिजेत. बसल्या बसल्या काठ्यांना झेंडे लावायचं काम दिलं. आवडलं. दोनदा आर्मी भरतीला पळालो, दोनदा बाहेर पडलो, पण झेंडा हातात आला की छातीत अजून काहीतरी होतं.

२२ जाने.
झेंडे अर्धे टाकून गावातल्या किसनमामाच्या मेंढ्यांमागं निघून गेलो. हळद निघाली की दरवर्षी मामाच्या मेंढ्या दाजीच्या वावरात बसतात, लेंडीखतासाठी. तेवढी ओळख. मामाचा स्वतःचा गहू पार चारीच्या शेवटाला. सिद्धेश्वर धरणाचं पाणी कालव्याला सुटून किती दिवस झाले, तिथं चारीत भेगा. गहू ओंबीवर आलाय, आता एक पाणी नाही भेटलं तर दाणा भरत नाही म्हणे.
मामानं दाजीचं विचारलं, "बालाजीरावाचा ऊस भिजला व्हय?"
म्हटलं, दोनदा भिजला.
"मंग मोटार बंद असंल आता."
निघताना मीच ती चालू बघितली होती. दाजीची पाण्याची पाळी संपली तरी पाईप कालव्यातच.

२३ जाने.
जेवताना दाजीला विचारलं. चुकलं. जेवण झाल्यावर विचारायचं होतं.
"पुण्याहून येऊन मला शिकवून राहिला का? खाली सगळ्यांच्या मोटारी हायत. मी बंद केली तर पानी मामापर्यंत जाईल का? मधले पिऊन टाकतील."
त्याचंच वाईट वाटतं, की हे खोटं नाही. अक्का म्हणाली, गुमान जेव.

२४ जाने.
मामाला घेऊन कालव्याच्या कडंनं हिंडलो. मधल्यांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. एकाच्या मोटारीच्या खोक्यावर झेंडा लावलेला, नवा, चांगल्या कापडाचा. मोटार धडधड चालू. सगळ्यांचं एकच, आधी तुझ्या दाजीला सांग. त्यातला सर्जेराव म्हणाला, बालाजीची बंद दिसली तर माझी बंद, जबान देतो.
परत येताना मामाला विचारलं, यंदा मेंढ्या बसवणार का दाजीकडं?
"बोललो हाय ना. बसवनार."
एक मेंढी लंगडत होती, तिचा खूर बघण्यात बराच वेळ गेला.

२५ जाने.
रॅलीची मीटिंग मारुतीच्या पारावर. मधले पण आलेले. सगळ्यांसमोर विषय काढला, एकटा असतो तर धीर झाला नसता. दाजी हसले. "आपल्याच गावचा मानूस हाय. देशासाठी जीव देतो म्हनतो आपन, पान्याचं काय घेऊन बसला? जा, केली बंद." टाळ्या. मधल्यांनी पण मोटारी केल्या बंद. संध्याकाळी चारीत पाणी खाली सरकताना डोळ्यानं बघितलं. दाजीबद्दल उगाच वाईट बोललो असं वाटलं.

२६ जाने.
शाळेत झेंडावंदन, मग रॅली औंढ्यापर्यंत. दाजीच्या मागं मी, मोठा झेंडा माझ्याकडं. ओरडून घसा बसला. अंगावर काटा आला, खोटं कशाला लिहू.
शिरड शहापूरला चहाला थांबलो. दाजीच्या फोनमधून मोटारीच्या स्टार्टरची बाई बोलली, आपली मोटार चालू झाली आहे. दाजीनं फोन खिशात घातला.
"दाजी, बंद होती ना?"
"ऑटोवर हाय. लाईट आली, झाली आपोआप."
"मंग करा बंद. फोनवरनंच होते."
"रॅली होऊ दे. आज कोन बघून राहिलं?"
म्हटलं, मामा बघून राहिले असतील. तर म्हणाले, चल बस गाडीवर, नाटकं नको. नाही बसलो. झेंडा कुठं टेकवता येईना, कोणाकडं देता येईना, तसाच घेऊन गावाकडं चालत निघालो. येणारे जाणारे सलाम ठोकायचे. एका टेम्पोवाल्यानं आणून सोडलं, "आर्मीत हाय का?" म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर पुढं बोलला नाही.
दाजीच्या खोक्यातले फ्युज काढून खिशात घातले. उशीर झाला होता. दाजीची चालू ऐकून मधल्या सगळ्यांनी सुरू केलेल्या. जीव द्यायला गाव तयार आहे. तो कोणी मागत पण नाही. मोटार दोन दिवस बंद ठेवा, एवढंच तर…

२७ जाने.
दाजी बोलत नाहीत. बोलले ते अक्काकडं तोंड करून, "घरचं खाऊन घरावर उलटला. लई मोठा देशभक्त आला." अक्का माझ्यावर चिडली, मग त्यांच्यावर, मग भांड्यांवर. ग्रुपवर रॅलीचे फोटो, मी झेंडा घेऊन, खाली लिहिलंय आमचा मेव्हणा. डिलीट करा म्हणावं वाटलं.
पिशवी भरली. परत रिकामी केली. उद्या वरून, धरणातून पाणी बंद होणार, तोवर कुठं जायचं?
दुपारून सर्जेराव दाजीच्या मोटारीपाशी आला, खोकं उघडून बघितलं, गेला. थोड्या वेळानं त्याची बंद झाली. मग खालच्याची. बाकीच्यांचं माहीत नाही.

२८ जाने.
सकाळपासून मामाच्या वावरात. पाणी आलं. बारीक, पुढं पाचोळा आणि फेस ढकलत. मामा खोऱ्यानं वाट करून देत होते. गव्हाचा एक सारा भिजला, दुसऱ्यात शिरलं.
अक्काचा फोन. "तुझे दाजी नवे फ्युज घेऊन मोटारीपाशी उभे हायत. लावू का म्हनतेत."
"मला काहून विचारतेत?"
"मला काय माहीत. विचार म्हनले."
फोन मामाच्या हातात दिला. मामानं हात धोतराला पुसला, फोन कानाला लावला. अक्कानं तिकडं दाजीला दिला असावा.
"बालाजीराव, दोन सारे राहिले बगा," मामा म्हणाले.
मग फोन कानाला धरूनच पायानं साऱ्याचं तोंड मोकळं केलं. तिकडून काही येतंय का नुसतं वारंच, मला कळेना. मामाची नजर पाण्यावर.