बाबांसाठी फाटक

२ मार्च
बाबा आज पुन्हा निघून गेले. पायजम्यावर कोट चढवून, कामावर. ते ज्या छापखान्यात होते तो बंद पडून जमाना झाला, पण बाबांच्या डोक्यात तो रोज सकाळी उघडतो. चौकात स्कूटर घासून गेली. कोपर खरचटलं, त्यावर निभावलं. शेजाऱ्यांनी हाताला धरून आणून सोडलं.
अंगणाला फाटक नाही, हेच मूळ दुखणं. ही म्हणाली, सुताराला बोलावू. मी म्हटलं, चार फळ्या आणि दोन बिजागऱ्यांसाठी सुतार? कंपनीने घरी बसवल्यापासून माझे हात नुसते शिवशिवताहेत. येत्या रविवारी फाटक उभं. शब्द दिलाय.

३ मार्च
लाकूड आणलं. व्हिडिओ पाहिला. अगदी सोपं आहे. दोन उभ्या पट्ट्या, दोन आडव्या, एक तिरपी, वर फळ्या ठोकायच्या. व्हिडिओतला माणूस बोलतो फार. पुढे ढकलत ढकलत पाहिला.

५ मार्च, सकाळी
दोन खांबांमधलं माप घेतलं. खालून. वरून घ्यायची गरज नाही, खांब म्हणजे सरळच असणार. बाबा बघायला बाहेर येऊन बसले. काय चाललंय, म्हणाले. फाटक, म्हटलं. कशाला? आता काय सांगणार? म्हटलं, कुत्री येतात.

५ मार्च, संध्याकाळी
आडवी पट्टी आखूड पडली. करवत बोथट आहे.

७ मार्च
बाबांमुळे काम पुढे सरकत नाही. स्क्रू मुठीत धरून बसतात, मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि मागितला की विचारतात, कशाला हवाय. फाटक का, हेही पुनःपुन्हा. मी दर वेळी कुत्री. शेवटी म्हणाले, मग एक कुत्रं पाळ, बाकीची येणार नाहीत. ही आत फोडणी टाकता टाकता हसली. घरात कामाचं गांभीर्य कुणालाच नाही.

९ मार्च, रविवार
फाटक उभं राहिलं नाही. अर्थात रविवार म्हणजे अगदी हाच असं मी म्हटलं नव्हतं.
शेजारी डोकावून गेले. म्हणाले, तिरपी पट्टी उलटी लावलीत. हा माणूस जन्मभर बँकेत नोटा मोजत होता. मी म्हटलं, हल्ली अशीच लावतात.

११ मार्च
फाटक लावलं! बिजागऱ्यांवर बसलं आणि पुढचं टोक हळूहळू जमिनीवर टेकलं. उघडलं की फरशीवर ओरखडा उठतो. ही म्हणाली, बरं झालं, कुठपर्यंत उघडतं ते लिहिलेलं राहील.
बाबा हसले. हसता हसता ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. इतकं हसताना त्यांना कधी पाहिलं होतं, आठवत नाही. माझा अपमान झाला खरा, पण राग काही टिकेना.
तिरपी पट्टी उलट फिरवायचं ठरवलंय. हा माझा स्वतःचा विचार आहे.

१४ मार्च
पट्टी फिरवली. टोक उचललं गेलं. आता फाटक वर अडकतं. खांब वर एकमेकांकडे झुकलेत! गवंड्याने घात केला.
चैन पडत नाही. जेवताना उठून एकदा बघून आलो. ही म्हणाली, ते कुठे पळून जाणार आहे का?
बाबा आता सकाळी कोट घालून थेट अंगणातच येतात. मला फोरमन म्हणतात. फोरमन, भोंगा झाला का, फोरमन, चहाची सुट्टी. प्रेक्षकांपुढे मला काम करता येत नाही. हिला म्हटलं, त्यांना जरा आत बसव. तिने नेलं. मी रंधा हातात घेतो न घेतो तोच बाबा परत हजर.

१७ मार्च
रंधा मारला. जरा जास्तच मारला गेला. आता फट दिसते. हवा खेळती राहील.

२० मार्च
झालं! फाटक लागतं, उघडतं, कडीही बसते. कडी बाहेरून, बाबांचा हात पोचणार नाही अशी. कितीदा उघडलं आणि लावलं, त्याला हिशेब नाही. लेकीला फोटो पाठवला. तिने विचारलं, वाकडं का दिसतंय? म्हटलं, फोन वाकडा धरला होता.
बाबांना म्हटलं, काम पूर्ण. ते म्हणाले, मग उद्या? म्हटलं, उद्या काही नाही. संपलं. बरं, म्हणाले आणि मुठीतला उरलेला स्क्रू माझ्या हातावर ठेवून आत गेले.

२१ मार्च
फाटक बंद. कडी जागच्या जागी. बाबा नाहीत.
स्वयंपाकघराच्या दाराने मागच्या गल्लीत उतरले असणार. ते दार माझ्या लक्षातच नव्हतं. पुढून धावलो तर दवाने फाटक फुगलेलं, उघडेना. त्यावरून चढून गेलो. पायजमा टरकला. तसाच रस्ताभर धावलो, छाती फुटायची वेळ आली.
चौकाच्या अलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. मी ओरडलोच, कुठे निघालात? बाबा शांतपणे म्हणाले, तिथलं काम संपलं ना? दुसरीकडे काही मिळतंय का बघायला निघालो. मग मलाच विचारलं, तुलाही काढलं का?
हो, म्हटलं. त्यांनी सरकून मला पायरीवर जागा करून दिली.
घरी आल्यावर ही म्हणाली, काम चालू होतं तेवढे दिवस ते एकदाही बाहेर गेले नाहीत, लक्षात आलं का? मी म्हटलं, अर्थात, फाटकाचा धाकच तसा.

२१ मार्च, दुपारी
बिजागऱ्या सोडवल्या. फाटकात एक दोष राहिलाय. कोणता, ते खोलून बघितल्याशिवाय कळणार नाही. बाबांनी विचारलं, किती दिवसांचं काम आहे?
म्हटलं, सांगता येत नाही.