तिरडीच्या गाठी शोभाने बांधाव्यात

मी, पितांबर धुडकू पाटील, वय एकोणसाठ, निवृत्त शिक्षक, राहणार शहादा, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र घराच्या ओट्यावर, दिवसाढवळ्या, पूर्ण शुद्धीवर राहून लिहीत आहे. कोणी मला भाग पाडलेले नाही. मला कशासही भाग पाडणे अशक्य आहे, हे पत्नी अनुसयाबाई शपथेवर सांगेल.

१. राहते घर व पोस्टातली शिल्लक अनुसयाबाईची, तिच्यानंतर आमची एकुलती मुलगी शोभा हिची. पुतण्या हिलाल यास काही ठेवलेले नाही. त्याची केळी माझ्या पेन्शनीपेक्षा बरी पिकतात.

२. स्काउट शिबिराचे मोठे पातेले शेजारच्या जमनाबाईंनी मुलाच्या लग्नाला नेले, ते तिकडेच रमले. ते आता त्यांनाच देतो, म्हणजे मला पाहून दार लावून घेण्याचे त्यांचे कष्ट वाचतील.

३. स्काउट पथक. हे मी १९५१ साली काढले. स्काउटच्या वचनातून इंग्रजांच्या राजाचे नाव तेव्हा नुकतेच गेले होते. खाकी अर्धी चड्डी घालून मी बाजारातून निघालो, तर गाव पोट धरून हसले. पुढे गोमाई नदीला पूर आला आणि याच पोरांनी बांबूंना दोर बांधून, स्ट्रेचर करून म्हातारीकोतारी माणसे वर आणली, तेव्हा हसणारेच चहा घेऊन आले. पोरांसोबत शेकोटीभोवती अहिराणी गाणी म्हणताना मी जितका सुखी होतो, तितका दुसरीकडे कुठेच नव्हतो.

माझ्यामागे पथक बंद पडू नये, एवढीच इच्छा आहे. ते शोभाने चालवावे. मी मुलांना गाठी शिकवी, तेव्हा ती शेजारी बसून शिकली आणि त्यांच्याही पुढे गेली. आज ती स्वतः शिक्षिका आहे. पण बाईमाणसाला हे जमायचे नाही, असे भाऊबंदांचे म्हणणे. म्हणून माझी तिरडी शोभाने एकटीने बांधावी व भाऊबंदांनी ती खांद्यावर न्यावी. स्मशानापर्यंत एकही गाठ सरकली नाही, तर पथक तिचे.

येथवर साक्षीदारांना वाचून दाखवले. मुलीने तिरडी बांधायची हे ऐकून हिलाल म्हणाला, "काका, आंडेरना हातनी तिरडी? भाऊबंद हासतीन."

अनुसयाबाई आतून आली. "तुमी मरशात तवय मरशात. आजच देखी ल्या ना."

जित्या माणसाची तिरडी बांधणे अशुभ, असे दुसरे साक्षीदार चुनीलाल यांचे मत पडले. वर जिवंत माणूस झोपला तर ते स्ट्रेचर, असा निकाल मी दिला. शोभाने हसत हसत बांधले. मी आडवा झालो. दोघांनी मला उचलून भर बाजारातून फिरवून आणले आणि मी झोपल्या झोपल्या सगळ्यांना रामराम केला. एकही गाठ सरकली नाही. मला खाली ठेवून हिलालने घाम पुसला आणि आपल्या पोराला पथकात घालायचे म्हणून विचारले, "शोभा, मन्हा आंडोरले कवय धाडू?"

४. कलम तीन रद्द समजावे. पथक आज दुपारीच शोभाच्या हवाली केले आहे. रविवारी सकाळी तिची पहिली कवायत आहे. उशीर झाल्यास वय न पाहता मैदानाला फेरी मारावी लागेल, असे तिने मला बजावले आहे.

सही : पितांबर धुडकू पाटील

साक्षीदार : हिलाल भटू पाटील
साक्षीदार : चुनीलाल नथू पाटील (खांदा दुखत असताना सही केली)

शहादा, गुरुवार, ता. ९ डिसेंबर १९६५