चुकीच्या सुराचे वारसदार

प्रिय हर्नानदादा यास,

रोमिनाचा सप्रेम नमस्कार. वहिनींची कंबर आता खाली वाकू देते का? रोसारिओचा उकाडा आणि तुझा फरश्यांचा धंदा, दोन्ही सोसवतंय ना?

इथे लानुसमध्ये मात्र संकट आहे. पंधरा दिवसांनी आपल्या ‘गच्चीवरचे गुंड’ बँडला वीस वर्षं होतात. आपल्या फुटबॉल क्लबचं सभागृह ठरलंय आणि डॉक्टरांनी माझ्या घशाला कायमची रजा दिली. (म्हणे युनियनच्या सभांत ओरडून घसा गेला. वीस वर्षं बँडमध्ये किंचाळून गायलेलं पॉप-पंक निर्दोष सुटलं.) गाणारं कोणी मिळालं नाही तर बँड संपला.

तू सोडून गेलास तेव्हा आपण गॅरेजमध्ये नियम केला, आठवतो? जाणाऱ्याने आपल्या जागी माणूस तयार करायचा, मगच जायचं. दादा, सरकारंसुद्धा आपले कायदे इतके पाळत नाहीत! तू दातांचे डॉक्टर वॉल्टर यांना बास गिटार वाजवायला शिकवलंस. त्यांनी घटस्फोटात बास बायकोला दिला (कुत्रा स्वतःकडे ठेवला), आणि तरी चार महिने रोज जाऊन तिला शिकवलं. ती नोएमी स्पेनला गेली, पण चर्चच्या फादर फाबियान यांना तयार करून. ड्रमवाले सात झाले. एक शेजारच्या वैरी फुटबॉल क्लबचा पाठीराखा निघाला म्हणून हाकलला, तर तो शत्रूही येऊन पुढच्याला शिकवून गेला!

आणि हे ऐक. दुसऱ्या गाण्यात तू घाबरून एक सूर चुकायचास. तो वॉल्टरनी जसाच्या तसा उचलला, त्यांच्याकडून नोएमीने, तिच्याकडून फादरनी. मागच्या महिन्यातल्या कार्यक्रमात फादरनी तो दुरुस्त केला, तर खालून पोरं कडाडली, "ओ फादर, घरून पाठ करून येत जा की!" मी परिवर्तनावर शेकडो भाषणं ठोकली, क्रांतीची कपाटभर पुस्तकं वाचली, पण तीनशे पोरं तुझी एक चूक राखायला उभी राहिलेली पाहून माझी वाचा बसली. (डॉक्टर म्हणतात, ती तेव्हाच बसली.)

तुझी मावसबहीण,
रोमिना

ता. क. नियम मलाही लागू आहे. वकिली शिकायला माझ्याकडे राहिलेली तुझी मिलेना गेले सहा महिने संध्याकाळच्या जादा तासाला जात नव्हती. माझ्या गॅरेजमध्ये गात होती. काय गाते रे दादा! पण म्हणते, "आत्या, बाबा हो म्हणाले तरच."

ता. क. २. तू हो म्हणालास, असं मी तिला सांगून टाकलंय. सोबत पहिल्या रांगेचं तिकीट आहे. नकार द्यायचाच असेल तर इथे येऊन दे, तिचं गाऊन झाल्यावर.