हिरव्या पेन्सिलीचं टोक

रविवार, संध्याकाळ

हिरव्या पेन्सिलीला टोक काढायची खरी किंमत: अर्धी पेन्सिल, दोन ब्लेड आणि माझा अंगठा. तरी टोक नाहीच. चिनूला, माझ्या नातीला, उद्या शाळेत धानाच्या बांधीचं, म्हणजे भातशेताचं, चित्र द्यायचं आहे. माझ्यापायी अडलं तर?

"पेन्सिलच खराब," मी म्हणालो. "काही तुटलं तर मला लगेच ऐकू येतं. राइस मिलच्या नुसत्या आवाजावरून मी सांगतो, आत तांदूळ तुटून राहिला का नाही. या कानातून काही सुटत नाही."

"राहू द्या जी आबा, धान पिकलं समजू," म्हणत तिनं पिवळी उचलली. चित्र झकास झालं. मग हळूच म्हणाली, "सकाळी पेन्सिलींचा डबा तुमच्याच हातून पडला, तवाच आतलं शिसं तुटलं. केवढा आवाज झाला!"

मला तो ऐकूच आला नव्हता.